लाकडी काठी, तांब्याचा पत्रा

आधी आवाज ऐकू आला. पिपाणी आणि पोपट यांच्या मधला, चिरका, नाकातून आल्यासारखा, आणि तरीही त्यात शब्द असावेत असं वाटणारा. वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या लँडिड्नो गावात, समुद्राला कवेत घेत वळलेल्या प्रोमेनेडवरून आम्ही तिघी चालत होतो: मँचेस्टरला राहणारी माझी बहीण, तिची पाच वर्षांची मुलगी आणि मी. एका बाजूला व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या फिकट रंगांच्या हॉटेलांची रांग, समोर ग्रेट ऑर्मचा डोंगर, आणि वारा असा की ओढणी सावरता सावरता पुरेवाट होत होती. आवाज ऐकताच भाचीने माझा हात सोडला आणि ती पळत सुटली.

आम्ही पोचेपर्यंत ती जमिनीवर, अनोळखी मुलांच्या पहिल्या रांगेत मांडी घालून बसलीही होती. समोर कपाटासारखा उंच, अरुंद खोका. त्याच्या वरच्या भागात खिडकीएवढा रंगमंच, आणि त्यात बाकदार नाकाचा, कुबड असलेला, लाल कपड्यांतला एक बाहुला हातात काठी घेऊन उड्या मारत होता. हा मिस्टर पंच. 'पंच अँड जूडी' या जुन्या इंग्रजी बाहुल्यांच्या खेळाबद्दल मी वाचलं होतं, चित्रं पाहिली होती. खेळ प्रत्यक्ष पाहण्याची ही पहिलीच वेळ.

आणि पहिल्या पाच मिनिटांतच मी अस्वस्थ झाले. जूडी बाळाला नवऱ्याच्या हाती सोपवून आत जाते. बाळ रडतं. पंच त्याला जोजवतो, आपटतो आणि शेवटी सरळ फेकून देतो. जूडी परत येते, बाळ कुठे आहे विचारते, भांडण होतं, काठी चालते. भोवतालची सगळी मुलं खदखदून हसत होती. माझी भाची मागे वळून मोठ्या डोळ्यांनी मला म्हणाली, "मावशी, त्याने बाळाला फेकलं!" तिच्या आवाजात भीती होती की आनंद, मला अजूनही नक्की सांगता येणार नाही. दोन्ही असावं.

मला मात्र हसू आलं नाही. बायकोला मारणारा नवरा हा कोणत्या समाजात विनोदाचा विषय असू शकतो, हा प्रश्न घेऊन मी उभी राहिले. पण त्यानंतर पोलीस आला, मगर आली, सॉसेजची माळ आली, आणि पोलिसाच्या डोक्यावर काठी बसली तेव्हा मुलांमधून जो चीत्कार उठला तो वेगळाच होता. त्यात एक सुटका होती. त्याच रात्री मी या लाकडी माणसाचा माग काढायला बसले आणि पुढचे कित्येक महिने तेच करत राहिले.

तो मूळचा इंग्रज नाहीच. नेपल्सकडच्या मुखवट्यांच्या नाटकातला पुल्चिनेल्ला हा त्याचा पूर्वज. 9 मे 1662 रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये एका इटालियन खेळियाचा बाहुल्यांचा प्रयोग सॅम्युअल पेपीस या रोजनिशीकाराने पाहिला आणि लिहून ठेवला. काही दिवसांनी तो बायकोला घेऊन पुन्हा गेला. त्या नोंदीवरून पंचचा इंग्लंडमधला वाढदिवस ठरवला जातो, आणि कॉव्हेंट गार्डनच्या चर्चच्या भिंतीवर तसा लेखही कोरला आहे. तेव्हा तो दोऱ्यांवर नाचणारा बाहुला होता. त्याच वर्षी राजवाड्यातही खेळ झाला आणि खेळियाला सोन्याची साखळी मिळाली.

राजवाड्यातून रस्त्यावर येईपर्यंत शंभरेक वर्षं गेली. दोऱ्यांच्या बाहुल्यांना रंगमंच लागतो, माणसं लागतात, भाडं लागतं. हातात घालायच्या बाहुल्यांना एक पेटी, एक कापडी खोका आणि एक माणूस पुरतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस पंच असा हातमोज्यात उतरला आणि पाठीवर बसून गावोगाव फिरू लागला. या बदलाने नाटकाची रचनाच पालटली, आणि मला ही गोष्ट फार सुंदर वाटते. माणसाला हात दोनच. उजव्या हातात कायम पंच, तो मंच सोडून जातच नाही. डाव्या हातावर एकामागून एक बाकीचे येणार: जूडी, पोलीस, डॉक्टर, फाशी देणारा, सैतान. म्हणजे या खेळात गर्दीचा प्रवेश होऊच शकत नाही, दर वेळी सामना एकास एकच होणार. आपल्याला जी गोष्ट पंचच्या स्वभावाची वाटते, एकट्याने साऱ्या जगाला भिडायची, ती मुळात खेळियाच्या दोन हातांतून आली आहे.

आवाजाचंही तसंच. खेळिया टाळूला एक छोटं साधन धरून बोलतो. त्याला स्वॉझल म्हणतात. धातूच्या दोन पातळ पट्ट्या, मधे ताणलेली फीत, वरून दोरा गुंडाळलेला. पंच बोलताना ते जिभेने टाळूला लावायचं, जूडी बोलताना बाजूला सारायचं, आणि हे भांडणाच्या भरात, वाक्यागणिक. दोनदा गिळल्याशिवाय कोणी खरा 'प्रोफेसर' होत नाही, असं त्या धंद्यातली माणसं म्हणतात. हो, या खेळियांना प्रोफेसर म्हणायची रीत आहे. त्या चिरक्या आवाजातले शब्द नीट कळत नाहीत, म्हणून समोरचं पात्र ते पुन्हा उच्चारतं: "काय म्हणालास? बाळ झोपलंय?" राजस्थानी कठपुतळीवाले तोंडात 'बोली' धरून बाहुलीला असाच आवाज देतात हे मला माहीत होतं. दोन ठिकाणच्या कलावंतांना एकच गोष्ट सुचली असावी: लाकडाच्या तोंडून माणसाचा आवाज आला तर ते खोटं वाटतं, लाकडाला स्वतःचा आवाज हवा.

आणि काठी. ती दोन चपट्या पट्ट्यांची असते, एका टोकाला बांधलेल्या. मारलं की पट्टी पट्टीवर आपटते आणि फाडकन आवाज होतो. आवाज मोठा, मार हलका.

आता माझ्या पोलिसाकडे येते. जुन्या खेळाचा शेवट पोलिसावर होत नसे. शेवटाकडे यायचा जॅक केच, फाशी देणारा. हे खरं नाव आहे. सतराव्या शतकात लंडनमध्ये या नावाचा जल्लाद होता आणि पुढे सगळ्याच जल्लादांना लोक त्याच नावाने ओळखू लागले. तो पंचला फासात मान घालायला सांगतो. पंच वेड पांघरतो: कशी घालायची ते मला येत नाही, जरा दाखवता का? जल्लाद दाखवायला स्वतःची मान फासात घालतो आणि पंच दोरी ओढतो. आज हा प्रवेश बहुतेक ठिकाणी गाळतात, तेव्हा तो वाचताना तो काळ ध्यानात घ्यावा लागतो. इंग्लंडमध्ये 1868 पर्यंत फाशी जाहीरपणे दिली जात असे. न्यूगेट तुरुंगासमोर हजारोंची गर्दी जमायची. पंचसमोर जमिनीवर बसलेल्या पोरांपैकी काहींनी खरा फास पाहिलेला असणार, आणि चोरीच्या मालासाठीही माणसं त्यावर चढलेली त्यांच्या आईबापांना आठवत असणार. त्या पोरांना एक लाकडी कुबड्या दाखवत होता की फास उलटाही फिरतो. 1849 मध्ये कादंबरीकार डिकन्सने एका पत्रात लिहिलं होतं की रस्त्यावरचा पंच हा वास्तवापासूनचा एक अचाट विसावा आहे, त्याला बोधपर केलं तर लोकांवरची त्याची पकड सुटेल. एरवी डिकन्सच्या भाबडेपणावर मी चिडते, पण इथे त्याला नेमकं दिसलं होतं असं वाटतं.

या सगळ्याची चित्रं आपल्याकडे आहेत ती जॉर्ज क्रुकशँक या व्यंगचित्रकारामुळे. पिचिनी नावाचा एक म्हातारा इटालियन खेळिया ड्रुरी लेनजवळच्या एका गुत्त्यात मुक्कामाला असे. क्रुकशँक, लेखक जॉन पेन कॉलियर आणि प्रकाशक असे तिघे एका सकाळी तिथे गेले. खेळ फक्त त्यांच्यासाठी. प्रवेश रंगात आला की थांबवायचा, बाहुले आहेत तसे धरून ठेवायचे, क्रुकशँक रेखाटून घेणार, मग पुढे. 1828 मध्ये पुस्तक निघालं. कॉलियर पुढे शेक्सपिअरच्या बनावट कागदपत्रांसाठी बदनाम झाला, त्यामुळे त्याने उतरवलेल्या संहितेवर अभ्यासक पुरते विसंबत नाहीत. क्रुकशँकच्या रेषांवर मात्र माझा विश्वास आहे. त्या चित्रांत बाहुल्यांच्या कपड्यांत हाताची बोटं जाणवतात. पिचिनी काही वर्षांनी दरिद्र्यांसाठीच्या सरकारी आश्रमात मेला.

त्या सकाळच्या खोलीपाशी मी पुन्हा पुन्हा येते. एकाच्या हातात लाकडी काठी, दुसऱ्याच्या हातात तांब्याच्या पत्र्यावर ओरखडे काढायची सुई. दोघांचा धंदा एकच: मोठ्यांचं नाक वाकडं करून दाखवायचं. फरक होता तो पैशाचा.

क्रुकशँकला आठ वर्षांपूर्वी, 1820 मध्ये, राजाकडून शंभर पौंड मिळाले होते. चौथ्या जॉर्जचं कोणत्याही अनैतिक प्रसंगातलं व्यंगचित्र काढणार नाही अशी हमी देऊन. त्याच्या आधीचा जेम्स गिलरे तर इंग्रजी व्यंगचित्राचा बाप म्हणावा असा माणूस. 1805 सालचं त्याचं चित्र आजही पाठ्यपुस्तकांत असतं: पंतप्रधान पिट आणि नेपोलियन टेबलाशी बसले आहेत, मधे पृथ्वीचा वाफाळता पुडिंगचा गोळा, आणि दोघे आपापला तुकडा कापून घेत आहेत. पिट काटकुळा, समुद्राचा भाग ओरपणारा. नेपोलियन एवढासा, खुर्चीतून जवळजवळ उठलेला, युरोपात सुरी खुपसणारा. दोनशे वर्षांत जगाच्या वाटणीवर याहून नेमकं चित्र कोणी काढलं असेल असं मला वाटत नाही. पण याच गिलरेला 1797 पासून काही वर्षं सरकारकडून गुपचूप वर्षाला दोनशे पौंडांचं मानधन मिळत होतं, आणि त्या वर्षांत त्याची सुई विरोधकांवर अधिक खोल चालली. हे वाचलं तेव्हा मला खरंच दुःख झालं. एखाद्या आवडत्या गायकाबद्दल काही कळावं तसं.

तरी गिलरेचं एक चित्र माझ्या टेबलावर लावलेलं आहे. 1808 चं. सेंट जेम्स स्ट्रीटवरचं हॅना हम्फ्री यांचं छापील चित्रांचं दुकान, त्याच इमारतीत वर गिलरे राहायचा. बाहेर बर्फ. एक म्हातारा घसरून पडला आहे, हातातलं थर्मामीटर मात्र त्याने जपून उंच धरलंय. त्याच्या मागे काही माणसं दुकानाच्या खिडकीला चिकटून उभी आहेत आणि काचेमागची चित्रं पाहण्यात इतकी गढली आहेत की एकाचंही लक्ष पडलेल्या माणसाकडे नाही. रंगवलेलं चित्र विकत घेणं गरिबाला परवडणारं नव्हतं. श्रीमंत लोक तर दुकानातून चित्रांचे अख्खे संच एका संध्याकाळपुरते भाड्याने नेत आणि पाहुण्यांना दाखवत. खिडकी मात्र सगळ्यांची होती. लँडिड्नोच्या फरशीवर बसलेली मुलं आणि ती खिडकीसमोरची पाठमोरी माणसं मला एकाच घरातली वाटतात.

मग 1841 उजाडलं आणि पंच स्वतःच छापखान्यात गेला. त्या जुलैमध्ये 'पंच' नावाचं साप्ताहिक लंडनमध्ये सुरू झालं. संस्थापकांत हेन्री मेह्यू होता. पुढे लंडनच्या रस्त्यांवर पोट भरणाऱ्यांच्या मुलाखती घेऊन ज्याने त्यांचं जगणं लिहून ठेवलं, तोच हा. त्या मुलाखतींत पंचचा एक खेळियाही आहे, कोणत्या मोसमात किती कमाई होते ते सांगणारा. साप्ताहिकाचा स्वभाव सुरुवातीला रस्त्यावरच्या पंचसारखाच होता. 1843 मध्ये नव्या पार्लमेंटच्या भिंतींवरच्या चित्रांसाठी केलेल्या मोठ्या कच्च्या आराखड्यांचं प्रदर्शन भरलं. अशा आराखड्याला तेव्हा 'कार्टून' म्हणत. जॉन लीचने त्यावर चित्र काढलं: भव्य तसबिरींसमोर फाटक्या कपड्यांतली, कुबड्या घेतलेली, उपाशी माणसं उभी आहेत. लोकांनी भाकरी मागितली आणि सरकारने प्रदर्शन दिलं, असा त्याचा रोख. त्या चित्राला 'पंच'ने 'कार्टून क्रमांक एक' म्हटलं, आणि आपण आज ज्या अर्थाने हा शब्द वापरतो तो अर्थ तिथून चालत आला.

मला त्या पहिल्या कार्टूनचा अभिमान वाटतो, माझा त्याच्याशी काही संबंध नसताना.

पण चौदा वर्षांनी तोच पंच मला माझ्या घरात शिरून मारतो. भाची झोपल्यावर मी लॅपटॉपवर जुने खंड चाळत होते आणि 22 ऑगस्ट 1857 चा अंक उघडला. जॉन टेनियलचं मोठं चित्र. बंगालचा वाघ एका गोऱ्या स्त्रीवर आणि तिच्या बाळावर बसला आहे, आणि ब्रिटिश सिंह त्याच्यावर झेपावतो आहे. कानपूरची बातमी लंडनला पोचली होती. आपण नानासाहेब पेशव्यांचं नाव लहानपणी ज्या स्वरात ऐकलं, त्या स्वराचा तिथे मागमूस नाही, तिथे ते नाव म्हणजे राक्षस. कानपूरला बायकामुलांची कत्तल झाली हे खरं आहे, आणि ते मी नाकारणार नाही. पण तीनच आठवड्यांनी त्याच टेनियलने 'जस्टिस' या नावाने तलवार उपसलेली न्यायदेवता काढली, पायदळी शिपाई चिरडत जाणारी, मागे तोफांना बांधलेली माणसं, आणि बाजूला आक्रोश करणाऱ्या देशी बायका आणि मुलं. त्या बायकांचा दोष काय, हे चित्र विचारत नाही. 1882 मध्ये त्याने आयरिश माणूस मुखवट्यातला राक्षस म्हणून काढला. हात तोच, कौशल्य आणखी वाढलेलं. टेनियलइतकी स्वच्छ, शिस्तीची रेषा गिलरेलाही जमली नव्हती. पण जल्लादाला फासावर चढवणारा तो कुबड्या आता जल्लादाच्या शेजारी उभा राहून टाळ्या वाजवत होता. कुबड होतं, नाक होतं, पंचचा कुत्रा टोबी होता, मुखपृष्ठावर तर शंभर वर्षं होता. काठी तेवढी दुसऱ्या दिशेला वळली होती.

असं का झालं, याचं उत्तर मला वाचकवर्गात दिसतं. साप्ताहिक सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यात पोचलं आणि दिवाणखान्याला ज्याची भीती वाटते त्याच्यावर काठी चालू लागली. कोणी लाच दिली नाही. गिलरेसारखं गुप्त मानधन लागलंच नाही.

मुंबईत मात्र याच पंचची एक वेगळी गोष्ट घडली, आणि ती आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. 1854 मध्ये, लंडनच्या पंचनंतर तेराच वर्षांनी, मुंबईत 'पारसी पंच' निघाला. पुढे त्याचा 'हिंदी पंच' झाला. बरजोरजी नवरोजी त्याचे संपादक, मजकूर गुजराती आणि इंग्रजी. त्यांचा नायक होता 'पंचोबा'. हे नाव मी मोठ्याने उच्चारून पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. इंग्रजीत 'पंच' म्हणजे ठोसा. आपल्या भाषांत पंच म्हणजे चावडीवर बसून न्याय देणारा. शेवटी 'बा' लावला की खंडोबा, विठोबा यांच्या पंगतीला बसणारा. पंचोबा काँग्रेसच्या अधिवेशनांवर बोलला, व्हाइसरॉयांवर बोलला. तो राजनिष्ठेची भाषा सोडत नव्हता, आणि त्याच भाषेत गाऱ्हाणं मांडत होता. साहेबाकडून उसन्या घेतलेल्या काठीने साहेबाला किती जोरात मारायचं, हे त्याला दर आठवड्याला मोजून ठरवावं लागत असणार. ते मोजमाप त्याच्या चित्रांत दिसतं, आणि मला त्या संयमात धैर्य दिसतं.

या सगळ्या काळात हातमोज्यातला पंच समुद्राकडे गेला होता. रेल्वे आली, 1871 च्या कायद्याने बँकांच्या सुट्ट्या मिळाल्या, गिरणीतली माणसं एका दिवसासाठी किनाऱ्यावर येऊ लागली आणि खेळिये त्यांच्या मागे गेले. वेमाउथच्या वाळूत हा खेळ एकोणिसाव्या शतकापासून होतो आहे. लँडिड्नोमध्ये रिचर्ड कॉडमन याने 1860 मध्ये तो सुरू केला. किनाऱ्याला वाहत आलेल्या लाकडांतून त्याने आपले बाहुले कोरले असं सांगतात, आणि त्याच घराण्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे खेळ करत आली आहेत.

किनाऱ्यावर येताना पंच बदलला. फास गेला, सैतान गेला, मगर आणि सॉसेज राहिले. हल्ली काही प्रयोगांत जूडी चांगली परत फटके देते. यावर खेळियांमध्ये वाद आहेत. काही गावांनी घरगुती हिंसेच्या कारणाने खेळाला हरकत घेतल्याच्या बातम्याही मी वाचल्या आहेत. मी हरकत घेणाऱ्यांना हसणार नाही. जूडीला बसलेला फटका आणि जल्लादाला बसलेला फटका एकाच काठीचा आहे आणि दोन्हींवर एकच हशा पिकतो, हे मला आजही पचत नाही. पण काठीच काढून घेतली तर जल्लादाला हसायचं कोणी, हेही मला सुचत नाही.

खेळ संपल्यावर पैसे गोळा करतात. पूर्वी या कामाला वेगळा साथीदार असे, त्याला बॉटलर म्हणत. खेळ रंगात आलेला असतानाच तो गर्दीत फिरायचा, कारण शेवट झाला की माणसं पांगतात. द्यायचं तर द्या, नाही तर उठून चालू लागा. भाचीने आईकडून नाणं मागून घेतलं, स्वतःच्या हाताने टाकलं आणि पळत परत आली.

त्या संध्याकाळी मँचेस्टरला पोचल्यावर आम्ही दोघी बहिणी स्वयंपाकघरात होतो. बाहेरच्या खोलीतून नाक चिमटीत धरल्यासारखा आवाज येऊ लागला. सोफ्याच्या मागे ती बसली होती. उजव्या हातात लाल मोजा, त्याच मुठीत लाकडी चमचा. डाव्या हातात एकामागून एक खेळणी येत होती आणि मार खाऊन पडत होती: अस्वल, पोलिसाची टोपी घातलेला ठोकळ्यांचा माणूस, प्लॅस्टिकची मगर. "असं करायचं असतं!" प्रत्येक वेळी मराठीत, चिरक्या आवाजात. तिची कापडी बाहुली कुठे दिसेना म्हणून मी वाकून पाहिलं. तिला तिने आधीच उशीवर झोपवून ठेवलं होतं, गळ्यापर्यंत रुमाल पांघरून.

मग ती सोफ्यामागून उठली आणि आमच्यापुढे वाटी धरली.